शेडमधले साठ सेकंद

वास्कोच्या मासळी बाजारामागे, जिना चढून,
आमचं दुकान. सहा मशीन, त्यातली चार चालू.
मी काउंटरवर. एका टोकनचे दहा रुपये.
कोपऱ्यातल्या मशीनवरचं नाव बोटांनी पुसून गेलंय,
पोरं त्याला नुसतं 'विमान' म्हणतात.
त्यात आभाळ आहे, पण वारा नाही.

चार वाजता फोंडू मेस्त्री येतात.
पाच टोकन, सुटे पैसे मोजून.
तीस वर्षं बार्जींचे तळ जोडले त्यांनी झुआरीकाठी.
खाणी बंद पडल्या तशा बार्जी चिखलात टेकल्या
आणि मेस्त्रींचे हात घरी आले.
घरात हात ठेवायला जागा नाही, म्हणतात.

खेळाआधी मशीन विचारतं, यान कसं हवं?
साठ सेकंद. पंख, इंजिन, तोफा, कवच,
सगळं एका शेडमध्ये टांगलेलं.
पोरं थांबत नाहीत. बटण दाबलं की धाड् धाड्,
लाल गोळे, हिरवे गोळे, आई-बापाच्या शिव्या.
मेस्त्री साठच्या साठ वापरतात.
पंख लावतात, काढतात,
एक पाऊल मागे सरून, एक डोळा मिटून
ओळंब्यात आहे का बघतात.
मग यान सुटतं
आणि अकराव्या सेकंदाला त्याच्या चिंधड्या.
त्यांना काही वाटत नाही. दुसरं टोकन.
पुन्हा शेड.

बायण्याच्या लेस्टरला हे बघवेना.
त्याची बोटं म्हणजे तापल्या तव्यावरचे थेंब.
"अंकल, तुम्ही बांधा. मी उडवतो."
मेस्त्रींनी दोन तोफा उतरवल्या,
वजन खाली घेतलं.
"तळ जड पाहिजे. नाहीतर वळताना कलंडेल."
"अंकल, अंतराळात खाली-वर काही नसतं."
नव्या कारकुनाकडे बघावं
तसं मेस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं.
"तळ नाही असं काही तरंगत नाही रे."

त्या दिवशी मागवलेला चहा तसाच निवला.
सातवी पातळी. नववी.
जत्रेतल्या दारूकामासारखे चहूकडून गोळे,
आणि यान वळायचं, कलंडायचं नाही.
लेस्टर ओरडत होता, मेस्त्री पुटपुटत होते,
"डावीकडे ओढतंय. जोड कच्चा राहिला माझा."
चौदावी. तिथवर कुणी गेलं नव्हतं.
तिथलं आभाळ जांभळं आहे,
चार वर्षं इथे बसून मलाही तेव्हाच कळलं.

मेलो तेव्हा (आम्ही तिघंही मेलो)
मशीनने नाव मागितलं. तीन अक्षरं, तीही रोमी.
वीस सेकंद.
मेस्त्रींनी जन्मभर बार्जींवर नावं रंगवून घेतली,
मालकाच्या मुलीचं, मालकाच्या देवाचं.
स्वतःचं लिहा म्हटल्यावर अडले.
एक अक्षर लागलं. वेळ संपली.
यादीत सगळ्यात वर: एफ, आणि पुढे दोन टिंबं.

वीज घालवली की मशीन सगळं विसरतं.
म्हणून शटर ओढताना त्या एकाचा प्लग
मी तसाच ठेवायला लागले.
बिल वाढलं. मालकाला सांगितलं, मीटर जुना आहे.
बावीस रात्री तो एफ
अंधाऱ्या दुकानात एकटा जागा होता.

मग रविवारी लाइन गेली, सांज ते सकाळ.

सोमवारी चारला मीच आधी सांगून टाकलं.
मेस्त्रींनी यादी पाहिली.
मशीनच्या स्वतःच्याच नावांनी भरलेली,
कारखान्यातून आली तशी.
लेस्टरने मशीनला एक लाथ घातली.
मेस्त्रींनी टोकन टाकलं. शेड उघडली.
पंख, इंजिन, तोफा, कवच, जिथल्या तिथे.
"सामान आहे ना सगळं," म्हणाले,
आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
वेल्डिंगची काच ओढावी तसा.