शेवटची वीत

इशपेमिंगच्या दुकानात
आर्विड सहावं धनुष्य हातात घेतो.
सत्तर पौंड खेचणारा उजवा खांदा
ऑपरेशननंतर
दुधाचा कॅनसुद्धा कुरकुरत उचलतो.

मालकीण सिर्का पाना घेते,
स्क्रू सैल करते, आणखी सैल,
आकडा मोठ्याने म्हणत नाही.

तो दोरी ओढतो.
कप्प्या फिरतात,
आणि शेवटच्या वितीत
सगळं ओझं कुठेतरी उतरतं.
दोरी गालाशी. श्वास अडकलेला.
समोर कागदी हरीण.

"किती ठेवलंस?"
"पुरेसं आहे. फक्त
हरीण वीस पावलांवर येऊ दे."

म्हणजे यंदा
जास्त वेळ गप्प बसायचं,
बर्फात, देवदाराला पाठ लावून,
पापणीही न हलवता.

बराच वेळ तो दोरी सोडत नाही.
मग हळूच परत आणतो,
आणि डाव्या हाताने
पाकीट काढतो.