शीग

निळ्या काठाचं पत्र्याचं माप.
इथं त्याला कोरो म्हणतात.
माणशी चार कोरो ज्वारी, महिन्याची,
आणि सपाट.
तसं पत्रकात लिहिलंय, दोनदा, खाली रेघ मारून.

सपाट करायला माझ्याकडे पट्टी आहे,
तीस सेंटिमीटरची, लाकडी,
गेनैनाहून पळालो तेव्हा
सदऱ्याच्या बाहीत राहून गेलेली.
नववीच्या वर्गात तिनं मी त्रिज्या काढायचो.
आता मापावरून फिरवतो
आणि वरची शीग पोत्यात परत ढकलतो.
पोत्यावर दोन हात छापलेत, एकमेकांत गुंफलेले.
कुणाचे, मुलं विचारतात.
छापखान्याचे, मी सांगतो.

रांग पार कोरड्या नदीपर्यंत.
कलतूमाच्या कार्डावर सहा माणसं.
मी सहांचं मोजतो.
तिच्यामागे उभी असतात तीन,
पण कार्डाला ते कुणी सांगितलेलं नाही
आणि सांगणारा मी कोण.

कडेला अश्ता बसलेली असते.
ती इथलीच, म्हणून तिला कार्ड नाही.
पळून आलेल्याला पळून आल्याचा कागद मिळतो,
ज्याच्या अंगणात तो येऊन पडला
त्याला कसला देणार?
यंदा तिचं शेत आमच्या तंबूंखाली आहे.
सांडलेले दाणे ती वेचते, खड्यांसकट,
आणि वर बघत नाही.
त्यामुळे मलाही बघावं लागत नाही.

आज कलतूमानं ज्वारी घेतली,
डोक्यावर चढवली,
चार पावलं गेली, परत आली
आणि माझ्या हातातलं माप मागितलं.
नियमात बसत नाही ते.
दिलं.

अश्तासमोर उकिडवी बसून
तिनं आपल्या पोत्यातून माप भरलं.
भरलं, आणि मग ओंजळीनं वर घालत राहिली
दाणे घरंगळायला लागेपर्यंत.
माझा हात पट्टीसकट पुढे झाला,
नुसत्या सवयीनं.

तिनं आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘उस्ताद,
त्या रात्री हिनं आम्हाला असीदा वाढली
तेव्हा मोजली नव्हती.’

अश्ता नको नको म्हणत होती
आणि ओढणीचं टोक पसरत होती,
दोन्ही एकाच वेळी.

मागून कुणीतरी ओरडलं, पुढे सरका.
एक लेकरू मातीतले दाणे
कच्चेच चघळत उभं होतं, कुणाचं ते कळेना.

मी पुढचं कार्ड घेतलं.
माप भरलं. पट्टी फिरवली,
जरा उचलून.
त्याच्या पुढचं. तीही उचलून.
मनगट दुखतंय म्हणालो, कुणी विचारलं नव्हतं तरी.

संध्याकाळी हिशेबात सव्वा पोतं कमी आलं.
वहीत एक रकाना असतो, घट का झाली त्याचा.
दिवसभर पान हललं नव्हतं.
मी लिहिलं, वारा,
आणि खाली रेघ मारली.