शेवटचा धागा

रॉस्कॉफच्या बंदरात ओहोटी. रात्रीचे दोन.
सोआझिग भिंगावर वाकलीय.
खाली सी-अर्चिनचं एक अंडं
दोन होण्याच्या बेतात आणि थांबलेलं.

रंगवलेली गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी,
दोन्ही टोकांकडून धागे ताणलेले.
एकच राहिलंय,
कडेला, सैल, कुणाच्या हाती न लागलेलं.
त्या एकापायी
अख्खी पेशी खोळंबून बसलीय.

तिचा बाप धक्क्यावर असाच उभा राहायचा
कंदील खाली धरून.
"एर्वे यायचाय अजून."
खलाशी शिव्या द्यायचे, भरती निघून जायची.
एर्वे बहुतेकदा प्यायलेला असायचा.

बापाच्या फुप्फुसात मात्र
कुणी कुणासाठी थांबलं नाही.
डॉक्टर फिल्म उजेडाला धरून समजावू लागला,
ती म्हणाली, हे कसं होतं मला ठाऊक आहे.
ठाऊक असून काय.

दोन वाजून अकरा.
धागा लागला.
इथवर जपून साठवलेलं प्रथिन
पेशी आता स्वतःच मोडीत काढते,
कमरेत आवळत जाते, आवळत जाते,
दोन.

सोआझिग वहीत वेळ टिपते.
कॉफी गार. बाहेर कुणी तरी होडी लोटतंय.
ती खिडकीशी जाते,
उगाच डोकी मोजते.