अठरा बाय अठरा

डर्बीत, बाबांच्या पुढच्या खोलीत
सगळे लठ्ठ आहेत.
सगळे, माझ्या बारशाच्या कॅसेटमधले.
गेल्या वर्षी ती डिस्कवर उतरवून आणली
तेव्हापासून ते असेच सुजलेले.
पाळणा होडीइतका पसरट,
त्यात मी, हॉल मिळेपर्यंत तीन महिन्यांची झालेली,
गाल पावासारखे.
सडपातळ म्हणून आयुष्यभर मिरवलेले खांडेपारकर
पेढ्यांचा डबा घेऊन रांजणासारखे उभे.
आणि कोपऱ्यात शेजारच्या ट्रेव्हरचं बोट,
कॅमेरा त्याचाच होता,
तेही जाडजूड.

मी म्हटलं, बाबा, चित्र ताणलंय.
लहान अभ्रा मोठ्या उशीवर चढवावा
तसं ओढून बसवलंय.
ते म्हणाले, पैसे अख्ख्या टीव्हीचे मोजलेत,
दोन्हीकडे काळे पट्टे बघायला नाही.

हा माणूस एकतीस वर्षं
विमानाच्या इंजिनांची पाती तपासत होता.
केसाच्या दहाव्या हिश्शानं चुकलं
तरी लाल चिठ्ठी.
साहेबानं गयावया केली, तरी लाल चिठ्ठी.
आईच्या पोळ्याही एकदा मोजल्या होत्या त्यांनी.
त्यावर आई काय म्हणाली
ते इथे नको.

मग काहीतरी गोल शोधू, मी म्हटलं.
गोल खोटं बोलत नाही.
ताट कुणीतरी तिरपं धरलेलं.
भिंतीवरचं घड्याळ अर्धं फुग्याआड.
तेवढ्यात आई पाळण्यावर वाकली,
मी बटण दाबलं,
आई थांबली,
कपाळ बरोबर पडद्याच्या मधोमध.

बाबा उठले. खालच्या ड्रॉवरमधून
स्वतःचा व्हर्नियर काढला, सदऱ्याला पुसला,
आणि काचेला न टेकवता
आईच्या कुंकवावर धरला.
आडवं चोवीस. उभं अठरा.
जुन्या टेपमुळे कडा विरघळलेली,
म्हणून त्यांनी माप तीनदा घेतलं.
चोवीस, अठरा.
चोवीस, अठरा.
चष्मा काढून म्हणाले, रिजेक्ट.

रिमोट. मेनू. त्याच्या पोटात आणखी एक मेनू.
वाइड. झूम, त्यात तर आईचं डोकंच कापलं गेलं.
शेवटी कुठल्याशा तळात
चार बाय तीन.
दोन्ही बाजूंनी काळोख आत सरकला
आणि मध्ये जी उरली
ती आई होती.

गळ्याची हाडं.
मंगळसूत्र खुंटीला टांगल्यासारखं.
पाळण्याची दोरी ओढताना
बांगडी थेट कोपरापर्यंत घसरत होती.
इतकी बारीक होती? मी विचारलं.
बाबांनी उत्तर द्यायच्या आधी
खांडेपारकरांनी दोन जणांना पेढा दिला.
बिस्किटांच्या फॅक्टरीत रात्रपाळी धरली होती तिनं,
ते म्हणाले, तू पोटात असताना.
सातव्या महिन्यापर्यंत.
मी तिला म्हणायचो, छान दिसतेस.

मग उगाच पुन्हा माप घेतलं.
अठरा बाय अठरा.

पुढच्या महिन्यात गेले तर बातम्या चालू होत्या.
निवेदक मेणबत्तीसारखा उभट.
नकाशावरचं ब्रिटन, मुळातच सडसडीत,
त्याची आता नुसती काठी झालेली,
आणि तिच्यावर पाऊस पडणार होता, तोही अरुंद.
मग मॅच लागली.
चेंडू म्हणजे उभं अंडं,
गोलकीपर ते फुटू नये अशा बेतानं छातीशी धरत होता.

बाबा, हे आता उलटं झालंय, मी म्हटलं,
बातम्यांपुरतं तरी बदला, एक बटण आहे.
राहू दे, ते म्हणाले.
एकदा नीट बसलंय.
बाकीच्यांनी आपापली मापं सांभाळावीत.
आणि चहा टाकायला आत गेले.

व्हर्नियर टीव्हीशेजारीच होता,
अठरावर
स्क्रू आवळून ठेवलेला.