फाईल इथे ओढून आणा

बापाच्या कॅमेऱ्याच्या पोटातून बारा फायली निघाल्या,
प्रत्येकीच्या शेपटीला तीन अक्षरं, एम ओ डी,
जी आता कुणाच्याच ओळखीची नाहीत.
फोन म्हणाला, उघडता येत नाही.
भावाच्या टीव्हीनं तर तोंडच फिरवलं.
आई म्हणाली, मग तो काय फुकटच
दोन दिवस चिखलात उभा होता?

कास्त्रोच्या धक्क्याजवळ, मासळीच्या दुकानावरची माझी खोली.
इथलं इंटरनेट रात्री अकरानंतर माणसात येतं.
एका फुकट्या संकेतस्थळावर तुटक रेघांची करडी चौकट
आणि आत लिहिलेलं:
फाईल इथे ओढून आणा.

ओढून.
हसूच आलं मला.
बाराही फायलींत दुसरं आहे काय?
लेमुई बेटावरचं आमचं घर, सगळंच्या सगळं,
लाकडी कौलांसकट, पडद्यांसकट,
ओंडक्यांवर चढवलेलं,
पुढे अकरा बैलजोड्या, मागे रेटायला गाव.
खालची जमीन समुद्र कुरतडत होता.
जागा सोडायची, घर नाही, असं ठरलेलं.
याला आमच्याकडे मिंगा म्हणतात.
मजुरी कुणी मागत नाही. जेवण मात्र द्यायचं,
खड्ड्यात, तापल्या दगडांवर शिजवलेलं,
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस,
आणि सफरचंदाची आंबट दारू, ज्याला जितकी झेपेल.

पहिली फाईल ओढली.
चार टक्के. नऊ. एकतीस.
त्रेचाळीसवर रुतली.

घरही असंच रुतलं होतं, किनाऱ्यावरच्या काळ्या गाळात,
भरतीला तासभर उरलेला,
आणि एर्मोहेनेस बार्रिया, ज्याच्या शिव्यांना बैलही सरावलेले,
त्या दिवशी शिव्या विसरून
बैलांच्या कानात काहीतरी बोलत होता.

मग यंत्राचे प्रश्न सुरू झाले.
कोणत्या रूपात हवी? चित्र किती बारीक?
आवाज काढून टाकला तर फाईल हलकी होईल, काढू?

त्या खुणेवर बोट थबकलं.
बारा फायलींत बापाचा चेहरा कुठेच नाही.
कॅमेरा त्याच्या हातात, म्हणून तो नुसता श्वास,
बुटांची फचफच,
आणि एकदा, अगदी जवळून:
"भिंतीवरचा आरसा काढला का कुणी?"

जड तर जड. राहू दे आवाज.

पहाटे ती एम पी फोर होऊन परत आली
तेव्हा सगळे उंच आणि बारीक झालेले.
एर्मोहेनेस काठीसारखा, बैल हरणांसारखे,
आमचं बैठं घर चर्चच्या मनोऱ्यासारखं.
शिवाय कोपऱ्यात संकेतस्थळाचं नाव,
गुराच्या पुठ्ठ्यावर डाग द्यावा तसं.
पुन्हा ओढली. या वेळी रुंदी-उंची हातानं भरली, सोळाला नऊ,
तशी माणसं आपापल्या जाडीत परतली.
फक्त "ओढा!" ही हाक अर्धा सेकंद मागे राहिली.
बैल हाकेच्या आधीच निघतात.
ते काही मला जमलं नाही.

चोवीस तासांनी तुमची फाईल आम्ही पुसतो, असं खाली लिहिलंय.
म्हणजे एक दिवस आमचं घर
कुठल्याशा परक्या देशातल्या यंत्रात राहून आलं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात.
आमचं बैलांच्या होतं. आता कुणाच्या, कोण जाणे.

रविवारी फेरीनं बेटावर गेले,
फोन साखरेच्या बरणीला टेकवून आईपुढे ठेवला.
तिनं बैल पाहिले, गर्दी पाहिली,
मेलेल्यांची नावं हळूच घेतली, दोन चुकवली.
बटाटे सोलणं चालूच.

"भिंतीवरचा आरसा काढला का कुणी?"

"काढला. माझ्यापाशी आहे,"
मान वर न करता ती म्हणाली.

मग वारा आला म्हणून उठली
आणि मागचं दार लावलं,
खांद्यानं, दोनदा रेटून.
इथे आल्यापासून ते चौकटीत बसत नाही.