चार आण्यांची पावती

कोडरम्याला तेव्हा रस्तेसुद्धा चमकायचे.
बिशेसर तुरी सायकलवरून उतरला
की भुवयांवर, कानांत, विजारीच्या दुमडीत
अभ्रकाचा चुरा.
मी म्हणायचे, आला नवरदेव!
तो म्हणायचा, फुलमती, पावतीपुस्तक काढ.

मी पापुद्रे सोलायचे, पानावरून पान,
आणि मुकादमाचा तराजू
रोज छटाकभर खायचा.
एके दिवशी बिशेसरने त्या पारड्यात
स्वतःची चप्पल ठेवली
आणि सगळ्यांदेखत वजन विचारलं.
युनियन झाली ती तेव्हाच,
नोंदणी वगैरे नंतर.

बावन्न दिवस संप.
शेवटी शेवटी महुआ उकडून खाल्ला, अळणी.
हजारीबागच्या तुरुंगातून त्याचं कार्ड आलं:
तराजूवर सरकारी शिक्का मारून घ्या.
बुधनीच्या पोराचा ताप उतरला का?

मग निवडणुका.
एकदा दोनशे अकरा मतांनी पडला,
एकदा आला, आणि सात महिने मंत्री.
पाटण्याहून परतला तेव्हा पेटीत
दोन धोतरं, मच्छरदाणी
आणि चुकून आलेली बंगल्याची किल्ली.
ती द्यायला परत गेला,
पदरचं तिकीट काढून.

पक्ष फुटला, जुळला, पुन्हा फुटला.
ऑफिसची पाटी इतक्यांदा रंगवली
की अक्षरं सुजली, वाचता येईनात.
सोललेलं अभ्रक परत चिकटत नाही, बाबू,
मी एकदा म्हटलं.
दोन दिवस बोलला नाही.

आणि सत्तर सालच्या करारात
घरी बसून सोलणाऱ्या बायका राहूनच गेल्या.
माझी बहीण त्यांतली.
त्याने माफी मागितली नाही.
पण तेव्हापासून आमच्याकडे चहा घेताना
साखर नको म्हणायचा.
मरेपर्यंत.

खाणी बंद झाल्या. कागदावर.
माझी नात जंगलातल्या उतारावर
उंदराच्या बिळासारख्या भोकात शिरते,
टोपलीभर ढिबरा वेचून आणते.
कसली पावती अन् कसलं काय.
मागच्या माघात दरड बसली
तेव्हा तिघीजणी आत होत्या,
आणि पोलिसांच्या वहीत कुणीच नव्हतं.

त्याच्या पुस्तकात एक्केचाळीस पावत्या कोऱ्या उरल्यात.
शाई सुकली, रबरी शिक्का भेगाळला.
वाळवीला कसा कोण जाणे, त्याचा पत्ता लागलेला नाही.

काल व्यापाऱ्याची गाडी आली.
मी उठले, काठी टेकत गेले,
आणि पायातली चप्पल काढून
त्याच्या काट्यावर ठेवली.

पोरी बघत होत्या.
तो हसला.
वजन काही सांगितलं नाही.