तिप्पट आणि वर बोटभर

दहावीला गणितात मला चार मार्क कमी पडले.
ते चार कुणाकडे असतात, कुठे मिळतात,
बरीच वर्षं मनात विचारत होतो.
मग सातपूरला लेथवर लागलो
आणि विचारायचं राहून गेलं.

परवा मखमलाबाद रस्त्याला, द्राक्षाच्या मांडवाशेजारी,
आमची बॅच जमली मिसळीला.
चौदा जण. पाव कुणी मोजले नाहीत.
बोलणं फिरत फिरत तिथंच आलं,
कोण कुठवर गेलं गणितात?

इंदुमती गायधनी, एमएस्सी.
कानवाला कप आणि मेदूवडा एकच असतात, म्हणाली,
तिनं ते सिद्ध केलंय, कागदावर.
आम्ही आपापल्या चहाकडे जरा संशयानं पाहिलं.
आता ती बँकेत आहे.
"तिथं बेरीजसुद्धा मशीन करतं," म्हणाली,
आणि लिंबू पिळत राहिली, रस संपल्यावरही.

फिरोज अत्तार नववीत सुटला. कंडक्टर.
"माझी फक्त वजाबाकी," म्हणाला,
"दिवसभर, उभ्यानं, वळणावर."
सुरेखा निमसे गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हणायची.
सिव्हिलला नर्स आहे.
बाटली केवढी, तास किती, मिनिटाला थेंब किती,
त्रैराशिक चुकलं तर लाल फुली मारायला तिथं सर नसतात.
हे ती सहज बोलली, शेव वाढून घेता घेता.

माझं विचारलं तेव्हा मी मोगल फोरमनचं सांगितलं.
पहिल्याच महिन्यात त्यांनी शेडच्या जमिनीवर
खडूनं काटकोन त्रिकोण काढला होता,
"टेपर कापायचाय ना, मग टॅन थीटा लागतो."
ज्याला मी शाळेत टाळलं
तो इतक्या उशिरा भेटला, कूलंटच्या वासात,
आणि जुन्या ओळखीचा असल्यासारखा वागला.
टॅनच्या किमतींची चिठ्ठी अजून खिशात असते.
तेलानं पारदर्शक झालीय,
दोन्ही बाजूंनी वाचता येते.

वडिलांचं मात्र सांगितलं नाही.
तांबट आळीत ठोके घालायचे ते. शाळा बिनभिंतीची.
पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडावर,
हातोडीच्या तालात.
सात बोटांच्या तोंडाचा तांब्या असेल
तर काठाला पट्टी किती?
"तिप्पट आणि वर बोटभर."
मी आठवीतलं शहाणपण पाजळलं होतं,
अण्णा, तो पाय आहे, तो कधी संपतच नाही.
हातोडी थांबली.
"संपत नसेल तर गळेल की रे भांडं," ते म्हणाले,
"कुठंतरी थांबून डाग द्यावाच लागतो."

बिल आलं. अठराशे नव्वद.
सगळ्यांचे फोन बाहेर येईपर्यंत
फिरोज म्हणाला, "एकशे पस्तीस. सुटे द्या."

वामन भालेराव कोपऱ्यात होता.
पैकीच्या पैकी मिळवणारा वामन,
ज्याच्या वहीवरून आम्ही अर्धा वर्ग पास झालो (मी सोडून).
शालिमारला घड्याळं दुरुस्त करतो.
कुणीतरी विचारलंच,
काय उपयोग झाला रे तुला त्याचा?
त्यानं पाणी प्यायलं. बराच वेळ.
"झोप येत नाही तेव्हा एखादं सोडवतो," म्हणाला.
"दिवसभरात निदान एक तरी सुटतं."
मग टिश्यू पेपरवर एक लिहून माझ्या हातात दिलं,
का माझ्याच, कुणास ठाऊक.

एक नळ चार तासांत हौद भरतो.
दुसरा सहा तासांत रिकामा करतो.
दोन्ही चालू.

रात्री ओट्याशी उभा राहून बसवत होतो.
एकदा उणे आलं. पुन्हा मांडलं.
बारा.
उलट करून ताडून पाहिलं, बाराच.
बायको मागून म्हणाली, काय करताय एवढ्या रात्री?
हौद भरतोय, म्हटलं.
तिनं नळ उघडून पाहिला, कोरडाच होता,
तरी खाली बादली लावून गेली.